अनुदान घेऊ, शब्द गहाण टाकणार नाही

या वेळचं संपादकीय अर्जावर आहे. होय, अर्जावर. ज्याच्या वरच्या कोपऱ्यात ‘प्रति, मा. मुख्याधिकारी’ आणि खाली ‘आपला विश्वासू’ असतं, त्या कागदावर. काहींना वाटेल, संपादकाचं डोकं फिरलं. चहूकडे आग लागलीय आणि हा पोरांना फॉर्म भरायला शिकवतोय. वाटू द्या. मी गेली काही वर्षं तालुक्याच्या गावांतल्या जलसा पार्ट्यांचे, शाहिरांचे, पथनाट्य करणाऱ्या पोरांचे अर्ज भरून देतो, पालिकेचे आणि पंचायत समितीचे जिने झिजवतो. तिथं जे दिसतं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जात फक्त पाणवठ्यावर आणि मसणवट्यात नाही. ती अंदाजपत्रकाच्या लेखाशीर्षात आहे, फॉर्मच्या रकान्यात आहे, ‘सोबत जोडावयाची कागदपत्रे’ या यादीत आहे. आणि तिथं तिच्याशी भांडायला आपलं कुणी जात नाही.

आधी पैसा कुणाचा ते बघू. १९९२ साली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली, १९९३ पासून ती लागू झाली. स्थानिक संस्थांकडे सोपवायच्या कामांच्या याद्या घटनेला जोडल्या गेल्या. पालिकांच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यातला १३ वा सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक गोष्टींना चालना देण्याचा. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यातला २१ वा सांस्कृतिक कार्याचा. म्हणजे गटार, दिवाबत्ती आणि नळ यांच्या रांगेत गाणं-नाटकसुद्धा बसलेलं आहे. ते नगराध्यक्षाच्या मर्जीवर नाही. ते बाबासाहेबांच्या घटनेत आहे.

दुसरं. आपल्या राज्यात जिल्हा परिषदेनं स्वतःच्या उत्पन्नाचे २० टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात, ग्रामपंचायतीनं १५ टक्के, नगरपालिकेनं दुर्बल घटकांसाठी ५ टक्के. जिल्हा परिषदेच्या २० टक्क्यांतून काय द्यायचं याची यादी समाजकल्याण समितीत ठरते. यादीत शिलाई मशीन येतं, सायकल येते, पिठाची गिरणी येते. यायला हवीच. पण ढोलकी, हलगी, हार्मोनियम, एखादा बरा माइक त्या यादीत घाला, अशी मागणी आपल्या वस्तीतून किती वेळा गेली? पोट भरायचं सामान मागताना आपण कंठ मागायला विसरतो. आणि सरकारला तेच बरं वाटतं. मुकी माणसं सांभाळायला सोपी.

हा पैसा भीक नाही. झोपडीतला माणूस पाणीपट्टी भरतो. बाजारात बसणारी बाई भल्या सकाळी पालिकेची पावती फाडून घेते, तेव्हा कुठं तिला टोपली खाली ठेवता येते. ज्या शहराची घाण आमच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या डोक्यावरून वाहिली, त्या शहराच्या तिजोरीत आमच्या घामाचा हिस्सा नाही असं कोण म्हणतो? त्याला माझ्यासमोर आणा.

मग हा सांस्कृतिक पैसा जातो कुठं? वर्षातून एकदा महोत्सव होतो. मुंबईहून ऑर्केस्ट्रा येतो, टीव्हीवरचा कुणीतरी येतो, मैदानात पहिल्या चार रांगा सोफ्याच्या, मागं खुर्च्या, त्यामागं बांबू. बांबूच्या पलीकडं आपण. वक्ते महाराष्ट्राच्या थोर परंपरेवर बोलतात. त्या परंपरेतला डफवाला त्या दिवशी मंडपाचे खांब रोवायला रोजंदारीवर असतो.

आता आपल्यातले काही कडवे साथी म्हणतील: सरकारी पैसा घेतला की चळवळ मेली. १९७२ साली पँथर उभी राहिली तेव्हा कुणी अनुदानाचा अर्ज केला होता काय? भीमराव कर्डकांनी जलसा काढला तो कुणाच्या मंजुरीनं? १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं ते कुठल्या खात्याच्या योजनेतून?

बरोबर आहे. मला हा प्रश्न आवडतो, तो विचारणारा माणूसही आवडतो. पण पुढचं बोला. ते जलसे उभे राहिले ते माणसांच्या नाण्यांवर. चाळीत पगार व्हायचा आणि फिरवलेल्या चादरीत चार पैसे पडायचे. पार्टीला वस्ती जेवू घालायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्या पगारासोबत ती चादरही गेली. आज पार्टीतला ढोलकीवाला दिवसा बिगारी करतो. कार्यक्रमाच्या रात्री जागला की दुसऱ्या दिवसाचा रोज बुडतो. टेम्पोचं भाडं आहे, साउंडवाल्याचं भाडं आहे, गाणारी बाई घरी लेकरू ठेवून येते तिच्या लेकराचं दूध आहे. हा सगळा खर्च आज कोण सोसतं? तोच ढोलकीवाला आणि तीच बाई. तुमच्या-माझ्या शुद्ध क्रांतिकारकपणाची किंमत त्यांच्या रोजातून कापून जाते. स्वतःच्या खिशातून स्वाभिमान पाळणाऱ्याला माझा सलाम आहे. दुसऱ्याच्या पोटावर पाळायचा असेल तर आधी त्या पोटाला विचारा.

आणि सरकारचं प्रेम कसं असतं तेही बघून ठेवा. अण्णाभाऊ १९६९ साली गेले, दारिद्र्यात गेले. आता त्यांच्या नावानं महामंडळ आहे, सभागृहं आहेत, चौक आहेत. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, जिनं आयुष्यभर फडावर उभं राहून हा महाराष्ट्र हसवला-रडवला, जिचा गौरव राष्ट्रपतींच्या हातून झाला, ती २००२ साली हलाखीत गेली. २००६ पासून तिच्याच नावानं शासनाचा तमाशा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. मेलेल्या कलावंताचं नाव घ्यायला पैसे लागत नाहीत. जिवंत कलावंताला औषध लागतं. म्हणून म्हणतो, आपल्या माणसाचा पुतळा व्हायची वाट बघू नका. तो श्वास घेतोय तोवर त्याचा अर्ज भरा.

आता खरी मेख सांगतो.

एका नगरपालिकेत आम्ही पोरांच्या जलशासाठी अर्ज दिला. बाबूनं चष्मा वर केला, कागद वाचला आणि मोठ्या मायेनं सल्ला दिला, “अहो, हे जलसा-बिलसा काढून टाका. राजकीय वाटतं. लोककला लिहा. पोतराज लिहा, हलगी लिहा. पारंपरिक वेशभूषा असेल तर लगेच बसतं बघा.”

दोस्तहो, हे वाक्य पुन्हा वाचा. हलगी तीच. वाजवणारे हात तेच. मरीआईपुढं, पाटलाच्या वरातीपुढं, खाली मान घालून वाजवली तर ती ‘समृद्ध लोकपरंपरा’. भीमाच्या गाण्याला, मान वर करून वाजवली तर ते ‘राजकीय’. अंगावर कोरडे ओढून रक्त काढणारा आमचा बाप यांना संस्कृती वाटतो. त्याच बापानं कोरडा टाकून हातात पुस्तक धरलं की संस्कृतीतून त्याचं नाव कटाप! ज्या वतनदारीनं गावची मेलेली ढोरं आमच्याकडून ओढून घेतली ती मोडायला बाबासाहेब आयुष्यभर झगडले. १९५८ सालच्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगार वतनं संपवली. आणि आता पालिकेच्या फॉर्मवरचा एक रकाना तीच बलुतेदारी मानधन देऊन परत मागतोय. फरक एवढाच की तेव्हा भाकरीचा तुकडा मिळायचा, आता धनादेश मिळतो. तोही मार्चअखेर.

मी हलगीला कमी लेखत नाही. हलगी आमची आहे, तिच्यातला घाव आमचा आहे. वाघ्या-मुरळीच्या गळ्यातला सूर, गोंधळ्याची कथा, तमाशातली बतावणी हे सगळं आमच्या माणसांनी उपाशीपोटी घडवलंय. पण ते कसं वाजवायचं, कुणापुढं वाजवायचं, त्यातलं काय ठेवायचं आणि काय जाळायचं, हे आम्ही ठरवू. अर्जाचा फॉर्म ठरवणार नाही. म्हणून रकान्यात ‘आंबेडकरी जलसा’ असंच लिहा. ठसठशीत लिहा. नामंजूर झालं तर कारण लेखी मागा. ‘राजकीय आहे’ असं लेखी द्यायला बाबूचा हात थरथरतो, हे मी पाहिलंय.

दुसरी मेख पुराव्याची. वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन द्यायची राज्याची योजना १९५४-५५ पासूनची आहे. २०२४ साली तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं, जुनी श्रेणींची उतरंड काढली आणि सरसकट महिना ५००० रुपये केले. चांगली गोष्ट आहे. पण जिल्ह्याच्या समितीपुढं कलावंतानं सिद्ध करायचं असतं की तो कलावंत आहे. कात्रणं आणा, प्रमाणपत्रं आणा, फोटो आणा. आता मला सांगा, चाळीस वर्षं वस्ती-वस्तीत रात्री जागून गायलेल्या शाहिराचं कात्रण कुठल्या पेपरात असणार? ज्या पेपरांनी त्याला कधी ओळ दिली नाही, त्याच पेपरांचं कात्रण त्यानं आणायचं! निमंत्रणपत्रिका छापायला ज्यांच्याकडं पैसे नव्हते, त्यांच्याकडून पत्रिका मागायच्या! उलट सभागृहात टाळ्या घेणाऱ्याकडं फायली तयार असतात. कला दोघांकडं असते, कागद एकाकडं असतो.

इथं तुमचं काम सुरू होतं, मुंबई-पुणे-नागपूरच्या दोस्तांनो. तुमच्या खिशात कॅमेरा असलेला फोन आहे. गावाकडं जाता तेव्हा म्हाताऱ्या शाहिरासमोर बसा. त्याला गाऊ द्या, रेकॉर्ड करा, तारीख आणि ठिकाण सांगून करा. पत्र्याच्या पेटीत तळाला जयंतीची जुनी पत्रकं असतात, मंडळाच्या पावत्या असतात, मळलेली गाण्याची वही असते. त्याचे फोटो काढा. ज्या वस्त्यांत त्यानं कार्यक्रम केले तिथल्या मंडळांकडून लेखी दाखले घ्या. वहीतल्या गाण्यांची यादी करा. हे आपल्या चळवळीचं दप्तर आहे. ते अर्जाला जोडता येतंच, पण अर्ज फेटाळला तरी ते आपल्याकडं उरतं.

आता अर्जाची रीत. कंटाळा करू नका, वाचा.

पार्टीची नोंदणी करून घ्या. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात, १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते. त्या सातांत बाया असू द्या, आणि बाईचं नाव नुसतं सहीपुरतं नको. गाणारीच्या हातात पैशाची सही द्या, मग बघा हिशेब कसा सरळ चालतो. दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्या. कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज लगेच टाका. भांडण होऊन अध्यक्ष गेला आणि कागदावर तोच राहिला, एवढ्यावर चांगल्या चांगल्या संस्था कुजल्या आहेत. बँकेचं खातं दोन सह्यांचं ठेवा.

अर्ज वेळेवर द्या. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी नगरसेवकाच्या मागं धावून काही होत नाही. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चात मंजूर होतं, त्याची जुळवाजुळव हिवाळ्यातच सुरू होते. तेव्हा मागणी पोचली पाहिजे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

खर्चाचा अंदाज खरा लिहा. त्यात कलावंतांचा रोज लिहा. आपली पोरं मंडप लिहितात, हार-नारळ लिहितात, पाहुण्यांचा नाश्ता लिहितात आणि वाजवणाऱ्याच्या नावापुढं ‘सेवाभावी’ लिहितात. का? आपल्या बापजाद्यांनी फुकट राबायचं होतं तेवढं राबून झालं. वेठ आपण आपल्याच माणसाकडून घ्यायची नाही.

पैसे मिळाले की पावत्या जपा, उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत द्या. टक्का मागितला तर देऊ नका. लाचलुचपत विभागाचा १०६४ नंबर पाठ करून ठेवा. पार्टीच्या पैशातून ज्यानं टक्का दिला त्यानं ढोलकीवाल्याच्या ताटातली भाकर दिली असं मी समजतो.

आणि सगळ्यात मोठं हत्यार दहा रुपयांचं आहे. २००५ चा माहिती अधिकार कायदा. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही दहा लागत नाहीत. प्रश्न साधे विचारा: गेल्या तीन वर्षांत सांस्कृतिक कार्यक्रमांच्या लेखाशीर्षावर किती तरतूद केली, किती खर्च झाली, कुठल्या संस्थांना किती दिली, त्यांचे ठराव आणि उपयोगिता प्रमाणपत्रं द्या. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर अपील करा. उत्तर आलं की ते वस्तीत फलकावर लावा. एका मोर्चानं होत नाही ते कधी कधी असल्या एका कागदानं होतं.

आता थोडं आपल्या पुढाऱ्यांविषयी. शिव्या नेहमी बाहेरच्यांनाच द्यायच्या हे मला जमत नाही. राखीव जागेवरून निवडून गेलेले आपले नगरसेवक सभागृहात काय मागतात? कमान. चौथरा. सुशोभीकरण. कमानीत सिमेंट असतं, सिमेंटमध्ये ठेका असतो, ठेक्यात बरंच काही असतं. गाण्यात ठेका फक्त ढोलकीचा, म्हणून ते कुणी मागत नाही. गावोगाव समाजमंदिरं बांधली. आत काय आहे? सतरंज्या, लग्नाची भांडी, कुणाच्या तरी सिमेंटच्या गोण्या आणि दाराला कुलूप. किल्ली पुढाऱ्याच्या मेव्हण्याकडं. ते कुलूप निघालं आणि आठवड्यातून दोन रात्री तिथं तालीम सुरू झाली तर निम्मं काम झालं. त्यासाठी अनुदानही लागत नाही, किल्ली लागते.

कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या बहुतेक पालिकांवर प्रशासक बसलेले होते. विचारायचं कुणाला हा प्रश्न होता. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्यायला लावल्या, २ डिसेंबर २०२५ ला बहुतेक नगरपरिषदांचं आणि १५ जानेवारी २०२६ ला महानगरपालिकांचं मतदान झालं. आता सभागृहात माणसं आहेत. मत मागायला वस्तीत आली होती ती माणसं. त्यांना कमानीऐवजी कलापथकासाठी ठराव मांडायला लावा. मांडला नाही तर का नाही, हे चारचौघांत विचारा.

शेवटी अटी. सरकारच्या अटी असतात तशा आपल्याही असू द्या.

एक, वर्षाच्या खर्चाच्या निम्म्याहून जास्त पैसा सरकारचा नको. बाकीचा चादर फिरवून गोळा करा, दहा-दहा रुपये का होईना. ज्या दिवशी चादर फिरणं बंद होईल त्या दिवशी आपण खात्याचे नोकर झालो असं समजा.

दोन, गाण्यातला शब्द अनुदानासाठी बदलायचा नाही. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवावी लागते, ते भांडण वेगळं आहे आणि तेही करायचंय. पण अनुदान देणाऱ्यानं “हे एक गाणं तेवढं गाळा” म्हटलं, तर तिथल्या तिथं पैसे परत. आणि तेच गाणं त्याच्या दारासमोर चौकात.

तीन, स्टेजवर नेत्याचा बॅनर नको, त्याच्या वाढदिवसाला पार्टी जाणार नाही. अनुदान पालिकेचं असतं, पालिका त्याच्या बापाची नसते.

चार, प्रत्येक कार्यक्रमानंतर वस्तीसमोर हिशेब वाचायचा. मोठ्यानं. आला किती, गेला किती, कुणाला किती रोज मिळाला. ज्यांना आपण दप्तर उघडा म्हणतो त्यांना आपलंही दप्तर उघडं दिसलं पाहिजे.

हे सगळं करून क्रांती होईल काय? नाही होणार. पण क्रांतीचं गाणं गाणारा माणूस उपाशी मरणार नाही, त्याची वही उकिरड्यावर जाणार नाही आणि त्याच्यानंतर ढोलकी धरायला एखादं पोर तयार असेल. एवढं मला पुष्कळ वाटतं.

तेव्हा कामाला लागा. प्रत्येक वाचकानं आपला एक तालुका घ्यावा. तिथं एक माहिती अधिकाराचा अर्ज, एका पार्टीचा अनुदानाचा अर्ज आणि एका म्हाताऱ्या शाहिराची फाईल. अर्जात ‘कृपावंत होऊन’ लिहायचं नाही, ‘हक्काची तरतूद असल्याने’ असं लिहायचं. आलेली उत्तरं इकडं पाठवा. मंजुरी छापू आणि नकारही छापू, लेखाशीर्षासकट, आकड्यांसकट.

जयभीम.

— संपादक